एक सुताचं भोक

एकोणीसशे त्र्याहत्तरच्या जूनमध्ये माझी पोस्टिंग नागपूरला आली. तेव्हा माझी सर्व्हिस चौदा वर्षांची होती. मी हवालदार, ट्रेड व्हेइकल मेकॅनिक. त्याआधी पठाणकोट, तेजपूर आणि परत पठाणकोट. जन्मगावी पोस्टिंग मिळणं म्हणजे फौजेत लॉटरीच, असं सगळे म्हणत होते. आईने शेजारीपाजारी पेढे वाटले. बायको म्हणाली, "आता रोज घरी याल का?" मी म्हटलं, "रविवारी येईन." तिने पेढा परत डब्यात ठेवला.

युनिटचं नाव लिहीत नाही. त्याची गरज नाही. छावणीच्या एका टोकाला आमचं वर्कशॉप होतं. टिनाची शेड, तीन गाड्यांची रॅम्प, एक जुनी लेथ, एक गॅस वेल्डिंगचा सेट आणि मी धरून नऊ माणसं. लोकांना वाटतं फौजी म्हणजे बंदूक. मी एकाहत्तरच्या लढाईतही होतो. अनोळखी माणूस विचारतो, "लढाईत तुम्ही काय केलं?" मी सांगतो, "चौदा दिवसांत अकरा गाड्यांचे क्लच बदलले." त्यावर माणसाचं तोंड जे होतं ते बघण्यासारखं असतं. पण गाडी चालली नाही तर दारूगोळा पोचत नाही, आणि दारूगोळा पोचला नाही तर बंदूक म्हणजे काठी. हे मी आता कुणाला समजावत बसत नाही.

रोजचा दिवस ठरलेला. ०५३० ला पी.टी., ०७३० ला फॉल इन, ०८०० ला काम सुरू. १३०० ला लंगर. संध्याकाळी रोल कॉल. गाडी आली की जॉब कार्ड उघडायचं. काय बिघडलं, काय केलं, कोणी केलं, हे त्यावर लिहायचं. शेवटी एक रकाना असे, त्यात "टेस्टेड, ओके" लिहून सही. ही सही माझी असायची. ती सही पडली की गाडी वर्कशॉपच्या बाहेर. त्या सहीचा मला गर्व होता, हे मी लपवत नाही.

सप्टेंबरच्या शेवटी सुभेदार रामफळ साहेब शेडमध्ये आले. हरियाणाचे, सहा फुटी, मिशा अशा की रिक्रूट नुसता बघून सावधान होई. त्यांच्यामागे दोन जवान एक जुनं यंत्र ओढत होते. गवत कापायचं मोटर मशीन, इंग्रजांच्या वेळचं. एक सिलिंडरचं इंजिन, दोराने सुरू होणारं. समोर पाच पात्यांचा आडवा रूळ, मागे लोखंडी रोलर. स्टोअरच्या मागच्या पत्र्याखाली ते किती वर्षं पडून होतं कोणाला माहीत नव्हतं.

"बोरकर, अक्टूबर में जनरल साहब का इन्स्पेक्शन है. क्वार्टर गार्ड के सामने घास घुटने तक आ गई है. इसको जिंदा करो."

"साहब, ये तो कंडेम है."

"कंडेम तो मैं भी हूँ. फिर भी चल रहा हूँ. करो."

नागपूरचा पाऊस त्या वर्षी भरपूर झाला होता. क्वार्टर गार्ड म्हणजे युनिटची मुख्य पहारेचौकी, तिच्यासमोरच्या लॉनमध्ये गवत असं माजलं होतं की त्यात सायकल आडवी टाकली तर सापडली नसती. विळ्याने कापलं तर लॉन टक्कल पडल्यासारखं दिसे. मशीनच पाहिजे होतं.

मी ते उघडलं. इंजिनमध्ये फारसं काही नव्हतं. कार्ब्युरेटर साफ केला, प्लग बदलला, दहाव्या ओढीला ते धूर सोडून बोललं. दुखणं पुढे होतं. सिव्हिलियन वाचकासाठी थोडं सोपं करून सांगतो, कारण पुढचं सगळं याच्यावर आहे.

इंजिनपासून एक चेन पुढे जाते आणि पात्यांच्या शाफ्टवरचं एक दातेरी चाक फिरवते. हे चाक शाफ्टवर घट्ट बसवलेलं नसतं. ते सुटं असतं, एका पितळी रंगाच्या बुशवर फिरतं. हेच तिथलं बेअरिंग. चाकाच्या बाजूला क्लच असतो. क्लच जोडला की चाक आणि शाफ्ट एक होतात, पाती फिरतात. डाव्या मुठीजवळ एक लिव्हर असतं. ते ओढून खाचेत बसवलं की क्लच सुटतो. मग चाक नुसतंच शाफ्टवर गरगरतं आणि पाती थांबतात. म्हणजे गंमत अशी की मशीन उभं असतं, पाती शांत असतात, तेव्हाच त्या बुशला सगळ्यात जास्त काम पडतं. म्हणून त्याला तेल लागतं. तेलासाठी चाकाच्या मानेवर एक भोक असतं. एक सुताचं, म्हणजे हरभऱ्याच्या दाण्याहूनही लहान.

त्या मशीनच्या क्लचचे दात झिजून गोल झाले होते. जोर पडला की सुटत. बुश तर इतकं खाल्लेलं की चाक दारुड्यासारखं डोलत होतं. स्पेअर मागवण्याचा प्रश्नच नव्हता. ते बनवणारी कंपनी जिवंत होती की नाही, हेसुद्धा ठाऊक नव्हतं. मी क्लचच्या दातांवर वेल्डिंगचा थर चढवला आणि दोन दिवस कानशीने घासून त्यांना आकार दिला. एका मोडीत निघालेल्या पंपातून गनमेटलचा तुकडा मिळाला. तो लेथवर धरून नवं बुश बनवलं. शाफ्टवर चढवलं तेव्हा ते असं सरकलं की हातातलं काम बघून माझं मलाच बरं वाटलं. वर एक सुताचं भोक पाडलं, आतून तेलाची चर काढली.

याच दिवसांत गजभिये माझ्याकडे आला.

लान्स नायक श्रावण गजभिये. कळमेश्वरजवळच्या खेड्यातला. वय बत्तीस. एकाहत्तरच्या डिसेंबरात त्याच्या खंदकाजवळ गोळा पडला आणि उजवा कान गेला. डाव्यानेही थोडं कमीच ऐकू यायचं. फौजेच्या भाषेत लो मेडिकल कॅटेगरी. त्याला लंगरमध्ये ठेवून पाहिलं, स्टोअरमध्ये ठेवून पाहिलं. शेवटी बागकामाच्या फतीगवर, म्हणजे अंगमेहनतीच्या ड्यूटीवर, टाकलं होतं. नोव्हेंबरमध्ये त्याचा मेडिकल बोर्ड होता. तिथे ठरणार होतं, ठेवायचं की घरी पाठवायचं.

"उस्ताद, हे मशीन मले द्या. मी चालवतो."

"तुले आवाज येते का याचा?"

"हाताले समजते न. मुठीत थरथर येते. त्याच्यावरून समजते."

"अन् काहून पाहिजे तुले?"

तो म्हणाला, "बोर्डावर डॉक्टर विचारन, हा माणूस काय करते. लंगरात भांडे घासते म्हणून सांगू का? सांगाले काही तं पाहिजे. मशीन चालवतो म्हटलं तं माणूस कामाचा वाटते."

मी त्याला शिकवलं. तीन दिवस. तो चांगला शिकला. मी एकदा सांगावं आणि त्याने तेच दहादा करून दाखवावं, असा माणूस. मी त्याला तीन गोष्टी सांगितल्या. रोज सकाळी त्या भोकात पाच थेंब तेल. पात्यांत गवत अडकलं तर आधी लिव्हर ओढायचं, खाचेत बसवायचं, मगच हात. आणि तिसरी, गरम इंजिन बंद करू नको, परत लवकर सुरू होत नाही. ही तिसरी गोष्ट मी सांगायला नको होती. पुस्तकात लिहिलेलं असतं की हात घालण्यापूर्वी इंजिन बंद. मी पुस्तकाहून शहाणा होतो.

शनिवारी सकाळी मशीन लॉनवर नेऊन पूर्ण टेस्ट घेतली. अर्धा तास कापलं, पंधरा मिनिटं क्लच सोडून नुसतं चालवलं. बुश हाताला कोमट लागलं, बस. १०४० ला मी जॉब कार्डावर लिहिलं, "टेस्टेड, ओके", आणि सही केली.

इन्स्पेक्शनच्या आधी फौजेत काय चालतं हे ज्याने पाहिलं नाही त्याला सांगून पटणार नाही. विटांना गेरू, झाडांना चुना, दगडांना चुना. बादल्यांना लाल रंग. कोळसासुद्धा रचून ठेवायचा आणि वरच्या थराला चुन्याचा हात मारायचा, म्हणजे कोणी एक ढेकूळ चोरलं तरी दिसावं. त्या दिवशी १६०० वाजता सुभेदार साहेबांनी मशीन पाहिलं. गंजलेलं, वेल्डिंगचे डाग, जागोजागी उडालेला जुना हिरवा रंग.

"बोरकर, यह क्या भंगार लग रहा है! पेंट करो."

"साहब, टेस्ट हो चुका है."

"टेस्ट तुम देखोगे, पेंट जनरल देखेगा."

हुकूम बरोबर होता. पेंट मी केला. जवान चुना मारण्यात गुंतले होते. मी ओ.जी., म्हणजे फौजी ऑलिव्ह ग्रीन रंगाचा डबा उघडला, दोन इंची ब्रश घेतला आणि सव्वा तासात ते मशीन नव्यासारखं केलं. चेनचं कव्हर काढून आतसुद्धा हात मारला, कारण आमचे सुभेदार साहेब कव्हर काढून बघणाऱ्यांतले होते. गाडी रंगवताना प्रत्येक तेलाच्या भोकात आधी आगकाडी खोचायची, रंग वाळला की काढायची, हे मी रिक्रूटांना शिकवत असे. त्या दिवशी मी आगकाडी खोचली नाही. रविवारची आऊटपास खिशात होती. १८०० ची बस पकडायची होती. एवढंच कारण आहे, दुसरं नाही. रंगानंतर परत टेस्ट घ्यायला पाहिजे होती, तीही घेतली नाही. कार्डावर सही तर सकाळीच पडली होती.

सोमवारी सकाळी सी.ओ. साहेब जनरलच्या आधीचा राउंड घेणार होते. ०८३० ची वेळ. सुभेदार साहेबांनी गजभियेला लॉनच्या मध्यावर उभं केलं.

"साहब की जीप दिखे, तो मशीन चला देना. तब तक स्टार्ट रखो. साहब के सामने रस्सी खींचते मत रहना."

"ठीक, साहब."

गजभियेने अर्ध्या लॉनवर चार पट्टे कापले, मशीन मध्यावर आणलं, क्लच सोडला आणि इंजिन चालू ठेवून सावधान उभा राहिला. मी दोनशे यार्डांवर वर्कशॉपमध्ये एका थ्री टन ट्रकच्या खाली पडलो होतो. मला इंजिनचा आवाज येत होता. सी.ओ. साहेबांची जीप ०८३० ला आली नाही. ०८४५ ला आली नाही. ०९०० नंतर मला इंजिनचा आवाज जड झालेला ऐकू आला. चढावर ट्रक दमतो तसा. माझ्या मनात आलं, कार्ब्युरेटरमध्ये कचरा आला असेल. संध्याकाळी बघू. मी गाडीखालून बाहेर आलो नाही. तोच आवाज एका कानाने बहिऱ्या माणसाला ऐकू येत नव्हता. मला येत होता.

०९१० ला किंकाळी ऐकू आली.

मी धावलो. संत्री आधी पोचला होता. त्याने प्लगची वायर उपटली होती. गजभिये गुडघ्यावर होता. त्याचा उजवा हात पात्यांत होता. आम्ही चौघांनी मशीन आडवं केलं, मी पाती उलटी फिरवली आणि हात सोडवला. चार बोटं गेली होती. तळवा फाटला होता, त्यात गवत, माती आणि तेल. मी माझ्या शर्टाने दंड आवळला. क्वार्टर गार्डच्या फोनवर गार्ड कमांडर ओरडत होता.

"एक्सचेंज, एम.आय. रूम दो. जल्दी. एम.आय. रूम? क्वार्टर गार्ड. ॲम्ब्युलन्स भेजो. कॅज्युअल्टी एक. हाथ. नहीं, गोली नहीं, मशीन. जल्दी भेजो."

ॲम्ब्युलन्स सात मिनिटांत आली. तोपर्यंत गजभिये माझ्याकडे बघत होता. रडत नव्हता. तो म्हणाला, "उस्ताद, लिव्हर ओढलं होतं."

०९२५ ला सी.ओ. साहेबांची जीप आली.

बुधवारी कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. प्रिसायडिंग ऑफिसर एक मेजर साहेब होते, केरळचे, कमी बोलणारे. माझा जबाब झाला. मशीन मी दुरुस्त केलं, शनिवारी टेस्ट केलं, ओके होतं, सही माझी. हे सगळं खरं होतं. मेजर साहेबांनी विचारलं, "लिव्हर खिंचा हो, तो ब्लेड घूम सकते हैं?" मी म्हटलं, "नहीं, साहब." तेही मला त्या वेळी खरं वाटत होतं. मशीन आडवं करताना लिव्हर खाचेतून निघालं होतं, त्यामुळे ते कुठे होतं हे कोणीच सांगू शकत नव्हतं. संत्रीचं तोंड दुसरीकडे होतं. मेजर साहेबांनी लिहिलं नाही, पण सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट होती. ऐकू येत नाही, लक्ष राहत नाही, लिव्हर ओढायला विसरला. स्वतःची चूक. मेजर साहेबांनी मला मशीन उघडून टेक्निकल रिपोर्ट द्यायला सांगितलं. वर्कशॉपचा सीनियर मेकॅनिक मीच होतो. माझ्या कामाची तपासणी मलाच करायची होती.

त्याच दिवशी १५०० वाजता मी शेडमध्ये एकटा होतो. ताडपत्री काढली, चेनचं कव्हर काढलं, लिव्हर ओढून परत खाचेत बसवलं. क्लच पूर्ण सुटा होता, दातांत बोटभर अंतर. तरी चाक हलवलं की पाती हलत होती. चाक शाफ्टला चिकटलं होतं. मी पुलर लावून ते काढलं. माझं गनमेटलचं बुश जळून काळं झालं होतं आणि शाफ्टवर वितळून बसलं होतं. आत तेलाचा एक थेंब नव्हता.

मग मी चाकाच्या मानेवर बोट फिरवलं. भोक कुठे आहे ते मला दिसलंच नाही. ओ.जी. रंगाच्या जाड पापुद्र्याखाली ते बुजलं होतं. आणि त्या रंगावर तेल होतं. ताजं, भरपूर, मानेवरून ओघळून खाली आलेलं. गजभियेने सोमवारी सकाळी पाच थेंब बरोबर त्या जागेवर घातले होते. तेल रंगावरून वाहून गेलं होतं.

सगळं समजलं. चाळीस मिनिटं ते कोरड्या बुशवर फिरलं, तापलं, चिकटायला लागलं. पाती फिरायला बघत होती, पण पात्यांत ओल्या गवताचा बोळा अडकला होता, त्याने ती धरून ठेवली होती. म्हणून इंजिन जड झालं. गजभियेने पाहिलं, पाती थांबलेली आहेत, लिव्हर खाचेत आहे, गवत अडकलंय, साहेब येणार आहेत. त्याने शिकवल्याप्रमाणे हात घातला. बोळा निघाला आणि पाती मोकळी झाली.

माझ्या हातात स्क्रायबर होता. सुईसारखं टोक. भोकातून एकदा घुसवला असता तर रंगाची खपली पडली असती आणि जगात कोणाला काही कळलं नसतं. नायब सुभेदारच्या बढतीच्या पॅनेलमध्ये माझं नाव तिसरं होतं. त्यासाठीची कॅडर परीक्षा पास झालो होतो. भोक मी उघडलं नाही. पण धावत जाऊन कोणाला सांगितलंही नाही. ताडपत्री टाकली आणि कुलूप लावलं.

त्या संध्याकाळी १७३० ला मी हॉस्पिटलला गेलो. त्याची बायको कौसल्या बाहेरच्या बाकावर होती. नागपुरातल्याच नंदनवनला तिच्या भावाच्या घरी उतरली होती. भाऊ म्हणत होता, धंतोलीत चांगले डॉक्टर आहेत, तिकडे नेऊ. पण सर्व्हिसमधला जवान असा उचलून नेता येत नाही. मी आत गेलो. गजभियेचा हात कोपरापर्यंत सुजला होता आणि पट्टीला वास येत होता. मी त्याच्या डाव्या कानाशी वाकलो.

"कसा आहेस गा?"

"उस्ताद, सगळे म्हणून राहिले का मी लिव्हर ओढलं नाही." त्याला ताप होता, शब्द जड येत होते. "मी ओढलं होतं. खाचेत बसवलं होतं. असं वाटते मले. तुम्ही मशीन पाहिलं का?"

"पाहून राहिलो."

"ओढलं होतं ना मी?"

मी म्हटलं, "तू आराम कर. कोर्ट चालू आहे." कोर्ट चालू असताना साक्षीदाराशी बोलायचं नसतं, असा नियम आहे. तो नियम त्या वेळी मला फार सोयीचा पडला.

गुरुवारी सकाळी त्याचा हात कोपरापासून काढला. डॉक्टर म्हणाले गॅस गँगरीन. मी संध्याकाळी परत गेलो. तो बदलला होता. बुधवारी म्हणत होता, ओढलं होतं. गुरुवारी म्हणाला, "उस्ताद, नसल ओढलं मी. माह्या ध्यानातून गेलं असल. कान गेला तं डोकंही गेलं वाटते." मी त्याचा उरलेला हात धरला. माझ्या तोंडात होतं. "रंग माझा होता" एवढे तीन शब्द. मी ते बोललो नाही. मला भीती वाटली, नोकरीची आणि त्याच्या नजरेची. मी ठरवलं, आधी कोर्टाला लेखी देईन, मग ताठ मानेने येऊन याला सांगेन. शुक्रवारी मी दोन पानांचा रिपोर्ट लिहिला, तीनदा फाडला, चौथ्यांदा लिहिला. हॉस्पिटलला गेलो नाही.

शनिवारी ०९३० ला मी मेजर साहेबांपुढे उभा राहिलो. रिपोर्ट दिला. चाक टेबलावर ठेवलं, भोक बुजलेलं, तसंच. त्यांनी वाचलं. बोटाने रंगावरचं तेल पुसून पाहिलं.

"पेंट किसने किया?"

"मैंने, साहब."

"टेस्ट के बाद?"

"टेस्ट के बाद."

"तुम्हें मालूम है तुम क्या लिख कर दे रहे हो?"

"जी साहब."

सुभेदार रामफळ साहेब बाजूला उभे होते. त्यांना कोणी विचारलं नव्हतं. ते एक पाऊल पुढे आले आणि सावधान झाले. "साहब, पेंट का हुकुम मेरा था. मशीन स्टार्ट रखने का भी." मेजर साहेबांनी तेही लिहून घेतलं.

१११५ ला मी मोकळा झालो. राशनची गाडी हॉस्पिटलच्या बाजूने जाणार होती, तिच्यात बसलो. मन हलकं वाटत होतं, हे लिहायला आज लाज वाटते. काय सांगायचं ते मी मनात घोळवत होतो. वॉर्डात पोचलो तेव्हा बारा वाजले होते. त्याच्या पलंगावर दुसरी चादर होती. नर्सिंग असिस्टंट म्हणाला, "सुबह पाँच चालीस."

कोर्टाचा निकाल महिन्याने आला. मृत्यू सैनिकी सेवेतील, मृताचा कोणताही दोष नाही. सुभेदार साहेबांना लेखी ताकीद मिळाली. मला सिव्हिअर रेप्रिमांड, म्हणजे कडक ठपका, आणि पॅनेलमधून नाव कमी. कमी मिळालं असं माझं मत आहे. मी नायब सुभेदार झालोच नाही, हवालदार म्हणूनच पेन्शनवर आलो. ते मशीन कंडेम झालं. जनरल साहेबांचं इन्स्पेक्शन ठरल्या दिवशी झालं. गवत विळ्याने कापलं होतं आणि त्यांनी लॉनकडे बघितलंही नाही.

निकालाचं पत्र घेऊन मी डिसेंबरमध्ये कौसल्याकडे गेलो. ती अजून नंदनवनला भावाकडेच होती. भिंतीवर बुद्धाचा फोटो आणि त्याखाली श्रावणचा, रिक्रूट असतानाचा. मी पत्र वाचून दाखवलं. मग कोणी सांगितलं नसताना बाकीचंही सांगितलं. रंग, भोक, बुधवारची संध्याकाळ, गुरुवारची संध्याकाळ. भाऊ उठून बाहेर गेला.

"म्हणजे बुधवारीच तुम्हाले माहीत होतं?"

"हो."

"अन् तुम्ही त्याच्याजवळ येऊन बसले होते."

"हो, वहिनी."

ती पदराने तोंड पुसत म्हणाली, "शुक्रवारी तुम्ही आले नाही. दिवसभर तो डाव्या हातानं पलंगाची दांडी ओढत होता भाऊ. अशी ओढे, सोडे, परत ओढे. मले म्हणे, कौसल्या, पाह्य बरं, असंच ओढलं असन ना वं मी? मी म्हटलं, मले मशीनमधलं काय समजते, उस्तादले विचार. तं म्हणे, उस्ताद काही बोलत नाही, म्हणजे माहीच चूक असन."

मी पत्राची घडी करून तिच्यापुढे ठेवली.

"काहून नाही सांगितलं त्याले?" ती म्हणाली. "तुमच्या साहेबाले मागून सांगितलं असतं. त्याले काहून नाही सांगितलं?"

मेजर साहेबांच्या प्रत्येक प्रश्नाला मी उत्तर दिलं होतं. मी उठलो, श्रावणच्या फोटोपुढे सावधान झालो आणि सॅल्यूट केला. ती म्हणाली, "त्याले काय कामाचं आता ते." मी हात खाली घेतला आणि निघालो.

माझ्या सर्व्हिसमध्ये माझ्या ओळखीचे सहा जण गेले. पाच जण शत्रूने मारले. त्यांची नावं त्यांच्या त्यांच्या युनिटच्या दगडावर आहेत. सहाव्याचं नाव कोणत्याच दगडावर नाही, म्हणून इथे लिहितो. लान्स नायक श्रावण गजभिये, वय बत्तीस, राहणार तालुका कळमेश्वर. त्या सोमवारी सकाळी त्याने मी सांगितलेल्या जागी तेल घातलं होतं. लिव्हर ओढलं होतं, पूर्ण, खाचेत बसेपर्यंत.